दस्तगीरमास्तरांच्या नऊ तबकड्या

दस्तगीरमास्तर कडक भाकरी चावून खात नसत. सोलापुरात जन्म काढून कडक भाकरी न चावणारा माणूस मी एवढा एकच पाहिला. भाकरीचे तुकडे डाळीत बुडवून ठेवायचे, त्याचा पार लगदा झाला की चमच्यानं खायचे. पेरू सुरीनं कापून, आणि तोही बाजूच्या दाढांखाली. ऊस तर बँडमध्ये ट्रंपेट हातात आलं त्या वर्षापासून बंद. रोज सकाळी दारातल्या नळावर तोंड धुऊन झालं की वरचे पुढचे दोन दात ते अंगठ्याच्या नखानं हलकेच वाजवून बघत, सुतार चौकट वाजवून बघतो तसे. मग कुणाला तरी हजेरी द्यावी तसं म्हणत, "हाय. दोघं बी जागेवर हाय."

ट्रंपेटची वाटी ओठांवर दाबून धरायची असते, आणि ओठांना मागून आधार दातांचा. दात हलला की सूर हलला. हे त्यांनी मला नीट समजावून सांगितलं होतं. मी तेव्हा तोंडाला पदर लावून हसले होते.

त्या वेळची मी मला आज रस्त्यात भेटली, तर मी तिला ओळख दाखवणार नाही. तिशीतली बाई, मुलींच्या शाळेत मराठी शिकवणारी, बी. ए. झालेली, आणि ते बी. ए. लांबूनसुद्धा लोकांना दिसावं अशा बेतानं चालणारी. पूर्व भागातल्या आमच्या गल्लीत रेकॉर्ड प्लेअर फक्त आमच्याकडे होता. त्यावर मी स्वतः विणलेला लोकरीचा रुमाल असे, आणि गाणं लावायचं नसलं तरी कुणी जिना चढून आलं की मी तो रुमाल उगाच उचलून पुन्हा घालत असे.

आम्ही मल्लेशमच्या कारखान्यावरच्या मजल्यावर भाड्यानं राहत होतो. मल्लेशम म्हणजे तेलुगू विणकर. खाली त्याचे आठ माग टॉवेल विणायचे. पाण्याच्या पेल्यात सदा बारीक वर्तुळं उठलेली. आठही माग एकदम चालले की आमच्या खोलीतला दिवा पिवळा पडे, आणि मी चिडून पायानं जमीन आपटे. खालून मल्लेशम ओरडे, "बाई, तुमचा पाय नको, आधीच आठ हायत." मल्लेशम आणि मास्तर लहानपणापासूनचे दोस्त. मास्तरांचं घर समोरच, दोन खोल्यांचं. घरात मास्तर आणि त्यांची बायको जैनबी.

मास्तर लग्नाच्या वरातीत वाजवत, गणपतीत वाजवत, आणि मयताच्या मिरवणुकीतही वाजवत. आमच्या त्या भागात म्हाताऱ्या माणसाला बँड लावून पोचवण्याची रीत आहे. रेल्वेच्या वसाहतीतल्या एका ख्रिस्ती इंजिन-ड्रायव्हरची बायको वारली, तेव्हा तिच्या दफनालाही मास्तर जाऊन वाजवून आले होते. तो ड्रायव्हर पुढं लेकीकडे परदेशी निघाला. जाताना त्यानं मास्तरांना घरी बोलावून नऊ मोठ्या तबकड्या दिल्या. नऊही एकाच माणसाच्या. अमेरिकेतला एक मोठा ट्रंपेटवाला होता, त्याच्या.

मास्तरांकडे वाजवायला यंत्र नव्हतं. त्यांनी त्या नऊ तबकड्या बँडच्या जुन्या लाल कोटाच्या कापडात गुंडाळून चार वर्षं नुसत्या ठेवल्या. जैनबी सांगायची, "ईदला कपाटातनं काढतेत, फोटो बघतेत, परत ठेवतेत. माझा फोटो हाय घरात, त्याला कधी पुसत न्हाईत."

शेवटी एकदा दुपारी ते आमचा जिना चढले. माझी शाळा सकाळची, त्यांचं काम संध्याकाळचं, म्हणून दुपार. दार सताड उघडं ठेवून ते उंबऱ्याशी जमिनीवर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, "बाई, एक बाजू. जास्त न्हाय."

मी रुमाल उचलला. त्या दिवशी तो उचलायला मला खरंच कारण मिळालं.

तेव्हापासून नऊही तबकड्या आमच्याकडेच राहिल्या. मास्तरांची ऐकण्याची रीत ठरलेली होती. एका दिवशी एक बाजू. तबकडी संपून सुई कडेला खरखरायला लागली तरी मी ती लगेच उचलायची नाही. ते हात वर करतील तेव्हा उचलायची. नऊ तबकड्यांच्या अठरा बाजू झाल्या की पुन्हा पहिलीपासून सुरुवात. आवडली म्हणून मधलीच लावायची नाही. "माणूस मधूनच कळत न्हाय बाई," असं म्हणत. त्या अमेरिकेतल्या माणसाचं नाव ते घेत नसत. उस्तादाचं नाव कसं घ्यायचं? ते त्याला "तिकडचे मास्तर" म्हणत. म्हणून मीही इथं तेच म्हणते.

मला सुरातलं काही कळत नाही, अजूनही नाही. पण मास्तर जे बोलत ते लक्षात राहिलं. पहिल्या तबकडीत तिकडचे मास्तर पंचविशीचे असावेत. सूर एकमेकांच्या अंगावर पडत होते. "पोटात भूक हाय अजून," मास्तर म्हणाले. "ताटात दिसंल ते उचलतोय." दुसऱ्या तबकडीत ट्रंपेटच्या तोंडावर काहीतरी बसवून आवाज दाबलेला होता. "भिंतीपलीकडनं बोलतोय बघा. ज्याला ऐकायचं त्यानं भिंतीला कान लावावा." तिसरीत तीस-चाळीस वाजवणारे होते, मला ती फार आवडली. मास्तरांनी मान हलवली. "लग्नात मामा लई झाले की नवरा दिसत न्हाय." पाचवी आणि सहावी अगदी कमी बोलणारी. एक सूर, मग कितीतरी वेळ नुसती खरखर, मग दुसरा. पहिल्यांदा ऐकली तेव्हा मास्तर म्हणाले, "कंजूष झाला." तिसऱ्या फेरीत म्हणाले, "कंजूष न्हाय. घरात कोण निजलेलं असलं की आपण दार कसं लावतो, तसं करतोय." सातवीत नुसता विजेच्या गिटारींचा कल्लोळ. मी कानात बोटं घातली. मास्तर मात्र शेवटपर्यंत बसले. "म्हातारा पोरांच्यात जाऊन बसलाय. बसू दे की."

आणि नववी. नववीत सूर चिरकत होते, अर्ध्यातच सुटत होते. एक बाजू संपली. हात वर करायलाच त्यांनी फार वेळ लावला. मग म्हणाले, "ह्याचे दात गेले." टोपी घातली, उठले. "ही आता पुना लावू नका." त्यानंतर फेरी आठवीवर संपायची.

आता माझ्याबद्दल थोडं, इलाज नाही म्हणून.

तबकडीच्या कव्हरामागे बारीक इंग्रजीत पानभर मजकूर असे. मास्तर पहिल्याच दिवशी म्हणाले, "बाई, तुमी शिकलेल्या. मागं काय लिवलंय तेवढं सांगा." मी कव्हर हातात घेतलं. एकेक वाक्य सात ओळींचं. ते इंग्रजी मला ओळीआड कळत होतं. "मला नीट कळत नाही" हे चार शब्द बोलायला माझ्याजवळ जीभ होती, पण बी. ए. आडवं आलं. मी चष्मा चढवला, घसा साफ केला आणि रचून सांगितलं. पहिल्या कव्हरावर तिकडच्या मास्तरांना शेतमजुरी करायला लावली. दुसऱ्यावर त्यांच्या थोरल्या भावाला गाता गळा दिला. तिसऱ्यापर्यंत माझा हात इतका बसला होता की मी त्यांना एक सावत्र आईही करून दिली. मास्तर एकेक शब्द मान हलवून घेत होते.

चौथ्या तबकडीच्या दुसऱ्या बाजूला तिसरं वाजवणं होतं. संथ, जड, पाय ओढत चालल्यासारखं. साथीला फक्त एक पियानो. अखेरीस एक लांब सूर होता, तो संपतच नव्हता. मास्तरांनी हात वर केला नाही. खालच्या मागांच्या आवाजात सुई खरखरत राहिली.

"हे कशावर हाय?" त्यांनी विचारलं.

मी कव्हराकडे नुसतं बघितलं, वाचलं नाही. शाळेचे पेपर तपासायचे पडले होते. "हे त्यांनी त्यांच्या उस्तादांच्या मयताला वाजवलं होतं," मी म्हटलं.

"इथं तसंच लिवलंय?"

"लिहिलंय की."

मास्तर उठले आणि त्या तबकडीला, म्हणजे माझ्या यंत्राला, हात लावून तो हात कपाळाला नेला.

पुढचं सहा महिन्यांत झालं. आठवड्यातून एकदाही ती बाजू येई ना, म्हणून त्यांनी आपला नियम मोडला आणि तेवढं एक वाजवणं रोज ऐकायला मागितलं. घरी जाऊन वाजवत. मग मल्लेशमचा बाप वारला, तेव्हा मिरवणुकीत त्यांनी ते पहिल्यांदा वाजवलं. मी गॅलरीत उभी होते. आमच्या भागात मयताच्या बँडला भजनं आणि जुनी रडकी सिनेमाची गाणी असायची. हे कुणी ऐकलेलं नव्हतं. बायका रडायच्या थांबल्या. कारखान्यांतले माग एकामागून एक बंद होत गेले, आणि तो शेवटचा लांब सूर साऱ्या गल्लीनं उभ्यानं ऐकला.

त्यानंतर घरात म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलं की लोक आधीच सांगून ठेवू लागले, मास्तरांचं ते वाजवा. वरातीत त्यांनी ते कधी वाजवलं नाही, तालमीत नाही, कौतुकानं कुणी मागितलं म्हणूनही नाही. एकदा एका पुढाऱ्याचा सत्कार होता. त्याची माणसं मास्तरांना सांगायला आली, साहेबांना तुमचं ते प्रसिद्ध वाजवणं ऐकायचंय. मास्तर नळावर भांडं विसळत होते. मान वर न करता म्हणाले, "साहेब अजून हायत की. होऊ द्या सावकाश."

पण त्यांचं स्वतःचं समाधान झालं नव्हतं. तो अखेरचा सूर. तबकडीवर तिकडचे मास्तर तो एका श्वासात धरत. मास्तर बोटांच्या पेरांवर आकडे मोजत. तो चोवीस भरे. मास्तरांचा एकवीसला तुटे. फार तर बावीस. एकवीसला त्यांच्या मानेच्या शिरा टरारून येत, डोळे लाल होत, आणि सूर कापल्यासारखा खाली पडे. मिरवणुकीतल्या कुणाला ते कळत नसे. त्यांना कळे. "तीन आकडे कमी पडतेत बाई. तिकडच्यांच्यात अन् माझ्यात तीन आकड्यांचं अंतर हाय." मी शहाण्यासारखं सांगे, "थंडीचा काढा घ्या."

जैनबी गेली त्या वर्षी आमचा धाकटा दहावीला होता. तिला नेलं तेव्हा गल्ली शांत होती. त्यांच्यात वाजवत नाहीत. आठ-दहा दिवसांनी मास्तर दुपारचे आले, उंबऱ्याशी बसले, टोपी गुडघ्यावर ठेवली. "लावा," एवढंच म्हणाले. कुठलं ते मी विचारलं नाही. ऐकून झाल्यावर म्हणाले, "साऱ्या गल्लीच्या घरी वाजवलं. माझ्या घरी वाजवायचं झालं तर तुमच्या घरी येऊन ऐकावं लागतंय."

त्या दिवशी प्रथम मला वाटलं की त्या कव्हरामागचं एकदा खरोखर वाचून बघावं. वाटलं, आणि मी आमटीला फोडणी द्यायला गेले. बाईला तेवढंच धाडस होतं.

मास्तर साठीच्या पुढं गेले आणि वरचा डावा दात हलू लागला. सकाळच्या हजेरीत आता "दोघं बी" येईना; नुसतं "हाय" म्हणत. हिरडीत पू झाला, गाल सुजला, ताप येऊ लागला. दाताचे डॉक्टर म्हणाले, काढू, आजच काढू, विष अंगात भिनेल. मास्तर म्हणाले, "चोवीस झाले की काढतो." डॉक्टरांना काय कळणार. मल्लेशमला कळलं. तो कारखान्याच्या पायरीवर उभा राहून गल्लीला ऐकू जाईल असं बोलला, "अरे दस्तगीर, एका दातासाठी मरतो काय? मेलास तर तुझ्या मयताला कोण वाजवणार?"

"आमच्यात वाजवत न्हाईत," मास्तर म्हणाले.

"मग माझ्या मयतासाठी तरी राहा की रे. मला तू पाहिजे. दुसरा कोण आला तर मी उठून बसतो."

मास्तर सुजलेल्या गालानं हसले, पण दात काढला नाही. रोज संध्याकाळी समोरच्या घरातून तो सूर यायचा, एकवीसला पडायचा, आणि मग खोकल्याची उबळ.

त्याच सुमाराला विणकरांचा बंद पुकारला गेला. कारखाने आठ दिवस थांबले. एवढी शांतता आमच्या कानांना सवयीची नव्हती. मला तर स्वतःच्या बांगड्यांची भीती वाटू लागली. चौथ्या दिवशी दुपारी काहीतरी आवाज असावा म्हणून मी तबकडी लावली. हाताला आली ती चौथी, मास्तरांची दुसरी बाजू.

मला सुरातलं कळत नाही, पण शेकडो वेळा ऐकलेलं वाजवणं बदललं की गाढवालाही कळेल. ते जड राहिलं नव्हतं. पाय ओढत नव्हतं. आवाज थोडा वर चढलेला, चाल हलकी, झुलणारी. मला वाटलं यंत्र बिघडलं. पुन्हा लावलं. तेच. आमचे हे वीज मंडळात होते, त्यांना संध्याकाळी विचारलं. ते पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "बिघडलं नाही, सुधारलंय. खाली आठ माग चालले की वीज कमी पडते, मोटर हळू फिरते. आता माग बंद आहेत. हा त्याचा खरा वेग." आठवड्याच्या सुटीलाही माग बंद असत, पण त्याच दिवशी विणकरांच्या घरची सगळी कार्यं निघत आणि मास्तर दिवसभर बँडबरोबर बाहेर. सुटीच्या दिवशी मी माझी सिनेमाची गाणी लावत असे, आणि ती जरा खुशीत वाटतात ते सुटीमुळेच, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती.

मी पुन्हा सुई ठेवली आणि पेरांवर मोजलं. अखेरचा सूर एकवीस भरला.

मग मी कव्हर घेतलं, शब्दकोश घेतला आणि मांडी घालून बसले. दोन तास लागले. त्या तिसऱ्या वाजवण्याबद्दल चारच ओळी होत्या. तिकडच्या मास्तरांना पहिली मुलगी झाली त्या आठवड्यात त्यांनी ते बसवलं होतं. पाळण्याशी बसून हळू वाजवत असत. पोर ऐकता ऐकता झोपे म्हणून शेवटचा सूर तुटू द्यायचा नाही, असं काहीसं. उस्ताद नाहीत, मयत नाही.

दुसऱ्या दिवशी मी चांगली साडी नेसले. का, ते विचारू नका. गुन्हा कबूल करायला जाताना माणूस काय नेसतो ते मला माहीत नव्हतं. समोर गेले. मास्तर भिंतीला टेकून बसले होते, गालाला फडकं बांधलेलं. मी तीनदा हवापाण्यावरून सुरुवात केली. चौथ्यांदा म्हटलं, "मास्तर, वर या. तबकडी ऐकायचीय."

ते आले. उंबऱ्याशी बसले. मी लावली. पहिल्याच दोन सुरांना त्यांची मान वर झाली. अखेरचा सूर आला तसा त्यांचा अंगठा पेरांवरून सरकू लागला आणि एकवीसवर थांबला. त्यांनी हात वर केला नाही. "परत," म्हणाले. तीन वेळा ऐकलं, तिन्ही वेळा मोजलं.

मी वेगाचं सांगितलं. ते ऐकत होते. म्हणाले, "म्हणजे माझा दम कमी नव्हता."

"नव्हता."

"इतकी वर्षं."

"हो."

त्यांच्या चेहऱ्यावर जे येत होतं ते पुरतं येऊ न देता मी दुसरंही सांगून टाकलं. मुलीचं, पाळण्याचं. आणि हेही की मी कव्हर वाचलंच नव्हतं. त्या एकाचं नव्हे, कुठलंच नाही.

मास्तरांनी गुडघ्यावरची टोपी उचलून हातात घेतली. मग विचारलं, "जैनबी गेल्यावर मी आलो, तवा तुमाला ठाऊक होतं?"

"पाळण्याचं ठाऊक नव्हतं," मी म्हटलं. "मी वाचलं नाही, हे ठाऊक होतं."

"किती लोकांना पोचवलं बाई ह्याच्यावर," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. "त्यांचे पोरं मला हात जोडतेत अजून."

ते उठून गेले. टोपी हातातच होती, डोक्यावर घालायची राहिली.

बंद मिटला, माग सुरू झाले, मास्तर आले नाहीत. समोरून संध्याकाळचा सूरही येईना. दात मात्र तोंडातच होता. गाल दिसत होता ना. मल्लेशमनं मला विचारलं, "बाई, काय बोललात त्याला?" जिन्यावरून खाली जायची वेळ मी त्यांच्या नळावरच्या वेळेशी गाठ पडू नये अशी बदलून घेतली.

आणि दोन आठवड्यांनी मल्लेशम गेला. मागाजवळ बसल्या बसल्या, हातात सुटलेला धागा. त्याच्या माणसांनी आठही माग थांबवले. गल्ली जमली, आणि जमलेल्या प्रत्येकाची नजर समोरच्या दाराकडे. बँडची माणसं आली. मास्तर येतात की नाही, आणि आले तर काय वाजवतात, हे कळायची त्या गर्दीत माझ्याइतकी गरज कुणालाच नव्हती. ज्याला पाळणा म्हणून ठाऊक झालंय ते दोस्ताच्या तिरडीपुढं कसं वाजवायचं? आणि नाही वाजवलं तर गल्लीला काय सांगायचं?

मास्तर बाहेर आले. धुतलेला पांढरा सदरा, बगलेत ट्रंपेट. गाल एवढा की डोळा अर्धा मिटलेला. गर्दीतून ते सरळ आमच्या जिन्याच्या पायथ्याशी आले. मी तिसऱ्या पायरीवर उभी होते.

"बाई, तबकडी हळू कशानं फिरायची?"

"खालचे माग वीज ओढायचे म्हणून."

"कुणाचे माग?"

"मल्लेशमचे."

"म्हणजे तिकडच्यांचं अर्धंच हाय," मास्तर म्हणाले. "बाकीचं ह्याचं हाय."

ते वळले आणि मिरवणुकीच्या पुढं जाऊन उभे राहिले. त्यांनी वाजवलं ते जडच, संथच, पाय ओढत चालणारं. आमच्या गल्लीला ठाऊक होतं तसं. कोपऱ्यावर अखेरचा सूर लागला. मी पदराखाली पेरं मोजत होते. अठरा, एकोणीस. मानेच्या शिरा मला इतक्या लांबून दिसत होत्या. वीस. एकवीसला सूर पडला नाही. त्यांनी तो स्वतःच थांबवला, उघडपणे एक श्वास घेतला, सावकाश, गल्लीला दिसेल असा. आणि तोच सूर पुन्हा धरून तीन आकडे आणखी वाजवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते चालत दाताच्या डॉक्टरांकडे गेले. डावा काढला, महिन्यानं उजवाही काढावा लागला. ट्रंपेट बँडला देऊन टाकलं. पुढं आमच्याकडे ते येऊन बसत, तबकड्या ऐकत, नववीसुद्धा. मी एकदा हिय्या करून विचारलं, "मास्तर, त्या दिवशी तुम्ही मध्ये श्वास का घेतलात? एकवीस तिकडच्यांचे आणि तीन मल्लेशमचे, असं होतं का?"

"दम लागला," मास्तर म्हणाले.

मला माझं उत्तर जास्त आवडतं. पण कव्हरामागे नसलेलं वाचायची माझी सवय गेली आहे, म्हणून त्यांचंच लिहिते.

नंतर आम्ही मुलाच्या फ्लॅटवर जुळे सोलापूर या नव्या भागात राहायला गेलो. तिथं भिंती थरथरत नाहीत, दिवे पिवळे पडत नाहीत, आणि शेजारी कोण राहतं ते लिफ्टमध्ये कळतं. मी मास्तरांना शेवटचं भेटले ते दोन वर्षांपूर्वी. गुडघे वंगण मागत असताना रिक्षा करून जुन्या गल्लीत गेले होते. ते दारात खुर्ची टाकून बसले होते. ऐंशीच्या पुढचे, बोळकं तोंड, कान अर्धे. मला ओळखलं. "बाई, जाड झालात," म्हणाले. मी म्हटलं, "तुम्हाला चांगलं दिसतंय म्हणायचं." मल्लेशमच्या सुनेनं चहा आणला.

तेवढ्यात वरच्या अंगानं बँड ऐकू आला. कुणीतरी म्हातारं गेलं होतं. मिरवणूक जवळ आली तसे गल्लीतले माग थांबत गेले. पुढं तिशीतला एक माणूस ट्रंपेट वाजवत होता, मास्तर कोण हे त्याला माहीतही नसावं. त्यानं आमच्याकडे पाहिलं नाही. वाजवत होता तेच. संथ, जड. मास्तरांना किती ऐकू येत होतं कोण जाणे. पण खुर्चीच्या हातांवर जोर देऊन ते उठले. मी आधार द्यायला गेले तर त्यांनी माझा हात बाजूला सारला आणि चौकट धरली.

अखेरचा सूर आमच्या दारासमोरच आला. त्या माणसानं तो धरला, धरला, आणि मध्ये थांबून एक सावकाश श्वास घेतला. मग तोच सूर पुन्हा धरून थोडा पुढं नेला. कुठून शिकला असेल? ज्यानं शिकवलं तो त्या दिवशी मल्लेशमच्या मिरवणुकीत असेल, आणि ते तसंच असतं असं समजला असेल.

"मास्तर," मी त्यांच्या कानाशी ओरडले, "त्याला सांगायला हवं. तबकडीवर तिथं थांबत नाहीत."

"थांबतेत," मास्तर म्हणाले.

मिरवणूक कोपऱ्याकडे सरकली. मी म्हटलं, आता बसा. ते बसले नाहीत. "वळू दे त्याला," म्हणाले, आणि चौकट धरून उभेच राहिले.